उपासाला न चालणारी गोळी

दौंड
८ सप्टेंबर २०२५

ती. धुरपदा आत्यास,
समृद्धीचा सा. न. वि. वि. (हे पप्पांना विचारून लिहिलंय. इंग्लिश मीडियममध्ये आम्हाला फक्त डिअर सर शिकवलं, त्यामुळे चुका काढत बसू नकोस.)

फोन सोडून पत्र का, तर तू फोन उचललास की ज्ञानेशदादा लगेच स्पीकर लावतो. आणि मला जे सांगायचंय ते फक्त तुझ्यासाठी आहे.

गणपतीत निमोण्याला आले तेव्हा तू भाकरी दुधात कुस्करून खात होतीस आणि हसताना पदर तोंडावर धरत होतीस. दादा म्हणाला की मशेरी लावून लावून आईच्या हिरड्या सुजल्या, आता सोडली तरी काही उपयोग नाही. पण परवा फार्मसी कॉलेजात मॅडमनी स्लाइड लावली आणि मी बेंचवरून उभीच राहिले. आत्या, हुबेहूब तुझ्या हिरड्या! गेल्या दिवाळीत तुला फिट आली, तेव्हापासून तू जी गोळी घेतेस ना, फेनिटॉइन, तिच्यानं हे होतं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. हिरडी वाढत वाढत दातावर चढते. हनुवटीवर केस येतात तेही तिचंच काम. मधेच तोल गेल्यासारखं वाटतं म्हणालीस ना, तेही त्यातलंच असणार. म्हणजे मशेरी निर्दोष सुटली! (परत सुरू करू नकोस हं. तिचे दुसरे गुन्हे आहेत.)

तू काहीच चूक केली नाहीस, एवढं तुला कळावं म्हणून घाईनं लिहितेय. मम्मी विचारते, दादाच्या साखरपुड्याला तुला हिरवी साडी चालेल का.

माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी
समृद्धी

निमोणे
१७ सप्टेंबर

चि. समृद्धीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा ज्ञानेश कांद्याच्या रोपाकडं गेल्ता, म्हणून निवांत वाचलं. पोरी, तुझं अक्षर आत्ताच डाक्टरागत व्हायला लागलंय.

वाचून डोळ्याला पाणी आलं बघ. मला वाटायचं, माझ्याच हातानं मी तोंडाचं वाटोळं केलं. ज्ञानेशला बघाया सारिकाची माणसं आल्ती तवा बी मी तोंडावरचा पदर काढला न्हाई. तिच्या आईला वाटलं आसंल, ईहीनबाई लईच अदबीची हाय.

आता तूच वाट दावलीस. सोमवारी घट बसत्यात. भगर-शेंगदाण्याबिगर पोटात काय जायचं न्हाई, मंग गोळी कशी घालू? उपासाला चालत न्हाई ती. नऊ दिवस देवीचं नाव घिऊन बंद, आन् दसऱ्यापासून कायमचीच बंद. साखरपुडा दिवाळीच्या तोंडाला हाय, तवर हिरड्या खाली बसतील. इतक्या दिसात फिट आली न्हाई, म्हंजी ती गेलीच की. ज्ञानेशला बोलू नको. त्याला कळलं तर मला एकटीला गवताला बी जाऊ देणार न्हाई.

हिरवी चालंल. मम्मीला म्हणावं, काठ बारीक बघ.

लोभ हाय त्यो आटू देऊ नको.

धुरपदा आत्या

दौंड
२३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. लगेच फोन केला तर मागून दादाचा आवाज. उपास कसा चाललाय एवढंच विचारता आलं, आणि तू म्हणालीस झकास! आत्या, झकास नाहीये.

ऐक. फिट गेलेली नाही, गोळीनं तिला अडवून धरलंय. गोळी अशी एकदम बंद केली तर ती पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकते, एकामागून एक येऊ शकते, आणि तू त्या वेळी विहिरीपाशी असशील. हे मला पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, पण स्लाइड ओळखता आली याच आनंदात मी होते. आणि हिरड्या नऊ दिवसांत बसत नाहीत गं, महिने लागतात. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, पण हळूहळू, त्यांच्या हिशोबानं. तुझ्या माझ्या नाही.

देवीचं म्हणशील तर गोळीत बऱ्याचदा मक्याचा नाहीतर बटाट्याचा स्टार्च घालतात. बटाटा तर तुमच्या उपासाला चालतोच की!

हे पोस्टात टाकत नाही. तुमच्या शेजारचा रविराज कुरकुंभच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आज गावी निघालाय, त्याच्या हातात देते. गोळी घेतलीस की फोन कर आणि भगर मऊ झाली एवढंच म्हण, मी समजेन. उद्या दुपारपर्यंत फोन आला नाही तर मी दादाला सगळं सांगणार. मग रुसलीस तरी चालेल. आयुष्यभर रुस, पण रुसायला इथं राहा.

तुझीच
समृद्धी

निमोणे
२९ सप्टेंबर

चि. समृद्धीस,
अनेक आशीर्वाद आन् एक धपाटा.

रविराजनं पत्र दिलं त्या सकाळीच चहा वतताना माझा हात दोनदा झटकला हुता. कप फुटला. मांजराचं नाव सांगून मी मोकळी झाले हुते. तुझं वाचलं आन् गुमान देवीपुढं बसून गोळी घेतली. मंग तुला फोन लावला, भगर मऊ झाली म्हणलं. ज्ञानेश मागंच हुबा. म्हणला का आई, आज तर साबुदाणा केलाय.

तुझी भगर आशी उतू गेली! समदं सांगावं लागलं.

दुसऱ्याच दिशी शिरूरला डाक्टरकडं नेलं. त्यो बी बोलला, तुझ्यापरीस जास्त बोलला. आता नवी गोळी थोडी थोडी वाढवायची, जुनी थोडी थोडी कमी करायची. हिरड्यांना टाइम लागंल, दाताच्या डाक्टरला बी दावायचंय. साखरपुड्याला तोंड हाय आसंच ऱ्हाणार. ऱ्हाऊ दे.

मुद्द्याचं शेवटाला ठिवलंय. शिरूरला जायच्या आधी ज्ञानेशनं बॅटरी आणली, मला तोंड उघडायला लावलं, आन् लई येळ बघत बसला. मंग म्हणला का सारिकाचं नाव निघालं की तू पदर तोंडाला लावून गप व्हायचीस, मला वाटलं तुला पोरगी पसंत न्हाई. दसरा झाला की तिच्या वडलांना नको म्हणून कळवणार हुता त्यो. मी कपाळाला हात लावला. सोन्यासारखी पोरगी माझ्या हिरड्यांपायी चालली हुती!

तिथंच त्याला तिला फोन लावायला सांगितला आन् मी सोता बोलले. फिटचं, गोळीचं, तोंडाचं, समदं. मंग तिनं इचारलं का आई, तुम्हाला काय चावतंय आन् काय चावत न्हाई तेवढं सांगा, साखरपुड्याचं जेवण तसंच करायला सांगते.

ज्ञानेश उगीच उठून गोठ्यात गेला.

तुझी माया आशीच पोचती करत जा.

धुरपदा आत्या