अ‍ॅनालिस्ट नेमली त्या वर्षी

बाबा,

आज दिवसभर मी माणसं पाहत होते. कारखान्यात वरच्या मजल्यावर तुमची केबिन होती, तिथेच बसून पाच जणांशी बोलले. आपल्या फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट बाई महिनाअखेर निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागी कुणीतरी हवं. पाचही जण हुशार होते, भराभर बोलत होते. दुपारनंतर मात्र माझं लक्षच लागेना. सारखी डोळ्यांपुढे येत होती ती जुनी मुलाखत, तुम्ही आणि मी मिळून घेतलेली. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी घरी येऊन चहा घेतल्यावर तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

तेव्हा मानेसरला निम्मी शेतंच होती. तुम्ही सरकारी नोकरी सोडून आधी फरिदाबादला भाड्याच्या शेडमध्ये स्कूटरचे रबरी भाग करायला लागला होतात. पाय ठेवायच्या जागेचं रबर, किकचं रबर, असलं बारीकसारीक. मोटारींचे कारखाने आले तसे आपण मानेसरला आलो आणि मोटारींचं काम धरलं, पण स्कूटरच्या त्या दोन जुन्या प्रेस तुम्ही बरोबर आणल्यात. साच्यात रबर दाबून शिजवणारी ती यंत्रं तुम्ही दरवाजाशीच बसवलीत, येणाऱ्याला आधी ती दिसावीत म्हणून. मी एमबीए करून तुमच्या हाताखाली आले होते. मयूर विहारच्या घरून सकाळी सातला निघायचो, सगळी दिल्ली ओलांडून. गाडी तुम्ही चालवायचात, मी शेजारी. तापलेल्या रबराचा वास बाकीच्या कपड्यांना लागतो म्हणून आई तुमचे शर्ट वेगळे भिजवायची.

नव्या प्रेस घ्यायच्या तर बँकेला पुढच्या पाच वर्षांचा अंदाज हवा होता. मी म्हटलं, आपल्याला अ‍ॅनालिस्ट लागेल. तुम्ही विचारलंत, आपल्याकडे हिशेबनीस आहेत की? मी सांगितलं, हिशेबनीस झालेलं सांगतात, हा माणूस पुढचं सांगेल. "अच्छा, म्हणजे ज्योतिषी," एवढंच म्हणालात, पण जाहिरात दिलीत.

तिघं आले. पहिला टाय लावलेला मुलगा, मला तोच पसंत होता. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तिसऱ्या या बाई. चौतिशीच्या, मुलांसाठी सात वर्षं घरी राहिलेल्या, नवऱ्याच्या बदलीमुळे दिल्लीत आलेल्या. त्यांचं नाव वाचून त्या लखनौ-अलीगढकडच्या असणार असं आपण धरूनच चाललो होतो, आणि तुम्ही हिंदीतच सुरुवात केलीत. मग त्यांच्या हातून बशीत चहा सांडला आणि त्या पुटपुटल्या, "अगं बाई!" तुम्ही चमकून पाहिलंत. त्या सोलापूरच्या निघाल्या, शाळा सगळी मराठीतून झालेली. आपण दोघंही थोडे ओशाळलो. त्यांना याची सवय असावी, त्या नुसत्या हसल्या.

तिघांनाही तुम्ही खाली प्रेसवर नेलंत. टायवाल्या मुलानं नाकाला रुमाल लावला. बँकवाले दारातच थांबले. या बाई सरळ कारागिरांपाशी गेल्या आणि हिंदीत विचारायला लागल्या की एक साचा शिजायला किती वेळ लागतो, दिवसाकाठी किती नग टाकून द्यावे लागतात. उत्तरं स्वतःच्याच अर्जाच्या मागे लिहून घेत होत्या. वर आल्यावर मी म्हटलं, सात वर्षांचा खंड आहे, रोजचा प्रवास झेपायचा नाही. तुम्ही म्हणालात, तिनं आधी माणसाला विचारलं, कागद नंतर मागितले, आपल्याला हीच हवी. वाद तिथेच मिटला.

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, त्या दोन पानांचा कागद घेऊन तुमच्या केबिनमध्ये येतात. मीही तिथेच आहे. त्या शांतपणे सांगतात की मोटारींचं काम कारखाना पोसतंय, आणि स्कूटरच्या दोन प्रेस ते खातायत. स्कूटरी रस्त्यावरून नाहीशा व्हायला लागल्यात, मागणी परत येणार नाही. नव्या प्रेस घ्याव्यात, पण या दोन बंद करून. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेता. मग चष्मा काढता आणि विचारता, "त्या यंत्रावर कधी हात भाजलाय तुमचा?" त्या नाही म्हणतात. "माझा भाजलाय," एवढं म्हणून तुम्ही उठून जाता.

पुढचे दोन आठवडे तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. डबासुद्धा खाली गाडीत बसून खायचात. त्या मात्र रोज वेळेवर यायच्या, काम करायच्या, तुम्ही जिन्यात दिसलात की नमस्कार करायच्या. मला ते बघवेना. एकदा मी त्यांना म्हटलं, बाबांचं मनावर घेऊ नका, मी त्यांच्या वतीनं माफी मागते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्या अब्बांचे चादरींचे माग होते. तोट्यात चाललेत हे घरात आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. शेवटी घर गेलं. साहेब रागावले तर रागावू देत."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एक दिवस सकाळपासून स्टूल टाकून जुन्या प्रेसपाशी बसलात. बाहेर पडणारा प्रत्येक नग हातात घेऊन पाहत होतात, वाया गेलेले एका पाटीत टाकत होतात. पाळी सुटायच्या आत ती पाटी भरली. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या प्रेसवरच्या अकराही जणांना बोलावलंत आणि स्वतः सांगितलंत, आमच्यापैकी कुणाला पुढे केलं नाहीत. त्यांतला सगळ्यात जुना बिहारचा कारागीर म्हणाला, "बाबूजी, आप कह रहे हैं तो ठीक ही होगा," आणि तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवलंत. नऊ जण नव्या प्रेसवर गेले. त्याला आणि आणखी एकाला नवं काम जमेना, ते गावी परतले. त्यांना स्टेशनवर सोडायला तुम्ही स्वतः गेलात.

मग बाईंच्या टेबलाशी जाऊन म्हणालात, "तुमचं बिल्कुल बरोबर होतं. मी वाईट वागलो." त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तुमच्यासाठी चहा मागवला. त्यानंतर दुपारचा चहा तुम्ही रोज तिथेच घ्यायचात; कारखान्यातला तुमचा शेवटचा चहासुद्धा त्यांच्या टेबलाशीच झाला असेल. कारखाना टिकला, बाबा. मोटारी वाढत गेल्या, आणि आज आपल्याकडे दोनशे माणसं कामाला आहेत.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ज्या दिवशी तुम्ही त्या अकरा जणांशी बोललात, त्याच दिवशी घरी येताना यमुनेच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. तुम्ही समोर बघत म्हणालात, "परकी बाई तीन महिन्यांत बोलली. तू रोज माझ्या शेजारी बसतेस. तुला कधी दिसलं नाही?" आवाजात राग नव्हता. घरातल्या कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, असंही तुम्ही म्हणालात, अगदी हळू. मी म्हटलं, "नाही बाबा, माझ्या लक्षात नाही आलं."

दिसलं होतं. त्यांना नेमण्याच्या सहा महिने आधीच मी सगळं मांडून पाहिलं होतं आणि तो कागद खणात घातला होता. बँकेचा अंदाज मलाही करता आला असता. अ‍ॅनालिस्ट मला हवी होती ती तुमच्यापुढे उभं राहून ते बोलायला. कामाला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात, जुनी बिलं शोधताना, माझा कागद बाईंच्या हाती लागला. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवून विचारलं, हे अक्षर तुमचं ना? मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतील. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत खणात ठेवला. तुमचा राग त्यांनी माझ्या वाटचा सोसला, आणि इतक्या वर्षांत एकदाही त्याचा उल्लेख केला नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहिता आलं. तुम्ही समोर असतात, तर मी आजही "नाही" म्हटलं असतं.