माटोळीच्या कोपऱ्यातल्या जुड्या

३० मे १९८७, मये

गोवा घटकराज्य झालं! आमचे हे सुर्ल्याहून खाणीचा ट्रक हॉर्न वाजवतच घेऊन आले, पुढे गुलमोहराची फांदी बांधलेली. वाड्यावर पेढे वाटले. मला कसलं राज्य नि कसलं काय — मला पाचवा लागला, एवढंच डोक्यात.

या खेपेला आधी नाव ठरवायचं नाही. मागची पोटात होती तेव्हाच मी तिला प्राजक्ता म्हणायला लागले होते, मनातल्या मनात. तीन दिवस जगली. बारशाआधीच गेली, म्हणजे जगासाठी बिननावाचीच. माझीच जीभ नडली असं वाटत राहतं.

१४ जून

जुई. शेवंती. बकुळ. — बास! पान फाडून टाकायला हवं.

फाडलं नाही.

२ जुलै

मांयला, म्हणजे सासूबाईंना, कळलं. तिला वाचता येत नाही, पण लिहिताना मी पुटपुटते वाटतं! "फुलाचें नांव नाका गो. फूल सांजेक सुकता." तिचं ठरलंय — धोंडी! ह्यांचंही नाव तिनंच भिकाजी ठेवलं. भीक मागून घेतलेलं पोर, असल्या नावाकडे यम वळून बघत नाही म्हणे. आणि हे जगले! आता काय बोलणार? पण शाळेत माझ्या मुलीला हाक मारतील, ए धोंडी! रडले. ह्यांनी चहा नि उंडा पाव आणून पुढ्यात ठेवला. "मी भिकू, माझं काय वाईट झालं?" म्हणाले. हसूच आलं मेलं.

२६ ऑगस्ट

आज माटोळी बांधली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला सगळं रान टांगायचं. दर चवथीला बघते, तरी आज बघतच राहिले. मांय सकाळी कोयता घेऊन डोंगरावर गेली ती दुपारी भारा घेऊन उतरली. साठी उलटलेली बाई! कांगुणीचे घोस, घागऱ्या, लालभडक कवंडळं, आंबाडे, काय नि काय. मी मोजले — त्रेसष्ट प्रकार! प्रत्येकाचं नाव, कुठल्या ओहोळाकाठी येतं, कशावर औषध, सगळं तोंडपाठ. अख्खा तालुका कोकणी की मराठी म्हणून भांडतोय, आणि ही झाडांना नातवंडांसारख्या हाका मारतेय. एवढी नावं जिला येतात तिनं धोंडी म्हणावं?

सगळ्यात शेवटी मागच्या कोपऱ्यात तिनं केवणीच्या झाडाच्या सालीनं दोन लहान जुड्या बांधल्या. एक आबोलीची, एक केवड्याची. दर वर्षी बांधते, आज लक्षात आलं. "ह्या कशाला?" विचारलं.

"त्यो म्हज्यो," माझ्या आहेत त्या, एवढंच म्हणाली आणि स्टुलावरून उतरली.

२४ सप्टेंबर

मुलगी!! डिचोलीच्या इस्पितळात, सकाळी. दोन किलोसुद्धा नाही. पण नखं आहेत — अगं बाई, एवढाल्या बोटांना नखं! माझं बोट धरलं तिनं. केवढा जोर!

२७ सप्टेंबर

तिसरा दिवस. लिहवत नाही.

२८ सप्टेंबर

चौथा उजाडला.

४ ऑक्टोबर

काल रात्रीपासून बाळाचं अंग तापलेलं. औषधानं उतरलं, पण माझा धीर सुटला. मांयला म्हटलं, धोंडीच ठेवू या. नाव काही का असेना, ती असू दे. मांय बाळाकडेच बघत बसली.

५ ऑक्टोबर

बारसं झालं. मांय पाळण्यावर वाकली. आम्ही सगळे धोंडी ऐकायला तयार — आणि ती म्हणाली, दूर्वा!

शेजारची सरस्वती खो खो हसली, "गो, हें तर तण!"

"तणच. पांयांखाला आसता, कोण दिश्ट लायना. कितलेंय काप, परत येता. आनी बसता खंय? गणपतीच्या माथ्यार!"

मी आ वासून बघत राहिले. चार महिने मी वहीत फुलं शोधतेय, आणि ही माझ्याच अंगणात होती!

संध्याकाळी पाळण्याची दोरी ओढता ओढता मांयनं सांगितलं. ह्यांच्याआधी तिला दोन मुली. दोघींची नावं तिनं पोटात असतानाच ठेवलेली — आबोली आणि केतकी. दोघी बारशाआधी गेल्या. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. "तुज्यासारकीच जीभ म्हजी," म्हणाली. मला त्या कोपऱ्यातल्या जुड्या आठवल्या. तिचा हात धरून बसले, दुसरं काय करणार?

१२ सप्टेंबर १९८८

माटोळी बांधली. दूर्वा खाली रांगत कवंडळाला हात घालत होती. मांयनं मागच्या कोपऱ्यात आबोली बांधली, केवडा बांधला, आणि केवणीचा तिसरा दोर मोकळाच ठेवला.

"तुजी खंयची?" तिनं विचारलं.

पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं मी. मांय कोयता घेऊन देवळामागच्या प्राजक्ताकडे गेली.

तिसरी जुडी मी बांधली.