सोपात मीठ किती

काआपुकू,
२ ऑक्टोबर

चि. एलादिया हिस,

तुझ्या बापाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, रोसिओचा एक पापा घे. इकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य मी तुला फोनवर बरेचदा ऐकवलंय, पण आज ते खरं आहे, म्हणून कागदावर लिहितोय.

काल कराई ऑक्टोबर येऊन गेला. गवताची टोपी, हातात चाबूक, थाट तोच. गोष्टीतला हा म्हातारा दर एक ऑक्टोबरला घरोघरच्या हंड्यांत डोकावतो, आणि जिथे तळ दिसेल तिथे वर्षभराची उपासमार ठेवून जातो. आपल्या हंडीत मका, घेवडा, भोपळा आणि मांसाचे तुकडे काठोकाठ रटरटत होते. बघून गेला असेल गुपचूप.

तुझं पत्र मिळालं. आईच्या नावाचं होतं, मी फोडलं. रोसिओच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या देशाचा पदार्थ न्यायचा, तू 'सोपा आणते' म्हणालीस, आणि बाईंनी सगळ्या पोरांसाठी वाडगे काढून ठेवले, हे वाचून मी एकटाच हसत बसलो. बाकीच्या जगात सोपा म्हणजे वाडग्यातून प्यायचं सार आणि आपल्याकडे सुरीने कापायची मक्याची वडी, त्याला आपण काय करणार? गंमत तुझी वाटते. इथे होतीस तेव्हा ताटातली सोपा टेबलाखाली कुत्र्याला चारायचीस. तिकडे मालागात जाऊन तुला ती सापडली होय!

असो. लिहून घे. कांदे भरपूर, उभे पातळ चिरायचे आणि थोड्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायचे. जाड मीठच घ्यायचं, आणि ते कांद्याच्या पाण्यातच पडलं पाहिजे, पिठात नंतर टाकलेलं मीठ वेगळं लागतं. कांदा पूर्ण गार होऊ दे. गरम ओतलास तर अंडी तिथेच शिजतात, माझी शिजली होती. डुकराची चरबी हाताने फेसायची, त्यात एकेक अंडं, मग कुस्करलेलं चीज, मक्याचं पीठ, कांदा, दूध. फेसायला घेतलं की दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, नाहीतर सोपा बसते. हे खरं की खोटं मला माहीत नाही, पण शेजारची देओलिंदामावशी चमच्याने बोटांवर मारते.

आता तू डोळे बारीक केले असशील. 'बाबा, तुम्हाला मीठ कुठल्या डब्यात असतं ते माहीत नाही, आणि तुम्ही मला चरबी फेसायला शिकवता?'

सांगतो. आधी चीजचं सांगतो. तिकडे आपलं चीज मिळणार नाही, तेव्हा कुठलंही आंबूस आणि हाताने कुस्करता येणारं घे. आणि भट्टी चांगली तापू दे. आपल्या मातीच्या भट्टीत मी चिमूटभर पीठ टाकून बघतो. लगेच काळं झालं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर सोपा आत.

झालं चीजचं सांगून. आता दुसरं काही उरलं नाही, तेव्हा लिहितोच.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी तुझ्या आईने मला सताप आणि लिंबू घातलेली उसाची दारू पाजली, दरवर्षीसारखी, ऑगस्ट बाधू नये म्हणून. स्वतः घेतली नाही. 'मला काय धाड भरलीय?' म्हणाली. आणि त्याच महिन्यात एका सकाळी भट्टीपाशी लाकडं रचता रचता पडली. अर्धं अंग गेलं. वाचा गेली. एलादिया, घाबरू नकोस, पत्राची सुरुवात परत वाच. ठीक आहे म्हटलंय ना मी.

तुला कळवलं नाही. तुझे तिकडचे कागद व्हायचे आहेत, ते व्हायच्या आत तू निघालीस तर परत जाता येणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तू पहिल्या विमानाने निघाली असतीस हेही ठाऊक होतं. म्हणून दर रविवारी फोनवर तुझी आई देवळात. देवळात नसली की देओलिंदाकडे. तू म्हणालीस, 'आई फारच धार्मिक झालीय हो!' मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि रडलो.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, सीमेपलीकडची, कोर्दोबाची. पोर चांगली. तुझ्या आईला नळीतून सगळं चाललं होतं. एक दिवस ती मला म्हणाली, 'उद्यापासून तोंडाने देऊन बघू. घरून थोडी सोपा आणा.' मी तसाच बसने घरी. देओलिंदामावशीला कुंपणावरून हाक मारली, तर ती म्हणाली, 'भाऊजी, मी करून देते, तुम्ही बसा.' मी म्हटलं, नाही, मीच करणार, तू फक्त सांग. आंब्याखाली बासिलिओ आणि मंडळी तेरेरेचा गार चहा पीत बसली होती. बासिलिओ ओरडला, 'काय रे एलिहिओ, अंडी फोडतोयस की उबवतोयस?' पहिली सोपा जळली. दुसरी मात्र फुगली, अगदी तिच्यासारखी. फडक्यात बांधून ऊबदार असतानाच नेली आणि सुरीने चांगला जाडजूड तुकडा कापला.

डॉक्टरीण किंचाळलीच. 'आजोबा, हे काय? घशात अडकलं म्हणजे? मी सोपा म्हटलं होतं!'

'मग ही काय आहे?' मी म्हटलं. 'सोपाच आहे!'

ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. आणि खाटेवरून आवाज आला. वाकड्या तोंडाने, अर्ध्या ओठांनी तुझी आई हसत होती. पडल्यापासून तिच्या तोंडून निघालेला पहिला आवाज तो. मी तो तुकडा हातात धरून तिथेच उभा राहिलो. नंतर डॉक्टरणीनेच तो खाल्ला, आणि मागून आणखी एक मागितला.

मग मी वोरी वोरी शिकलो. कोंबडीच्या रश्शातल्या त्या मक्याच्या गोळ्या तिला गिळता येईनात, म्हणून तेच पीठ आणि चीज रश्शात घोटून पेजेसारखं करून न्यायचो. मीठ बेताने, असं डॉक्टरणीने बजावलेलं. मी भित्रा, मीठ घालायचोच नाही. तुझी आई गिळायची, पण तोंड असं करायची की जणू मी तिला भिंतीचा चुना चारतोय.

एक दिवस दुसऱ्याच चमच्याला तिने मान फिरवली. ओठ हलले. काहीतरी आलं. डॉक्टरीण तपासायला आली होती, तिने स्पॅनिशमध्ये विचारलं, 'सेन्योरा, काही म्हणायचंय का?' पुन्हा तेच आलं. डॉक्टरीण मला हळू आवाजात म्हणाली, 'निराश होऊ नका, आवाज निघतोय हेही चांगलं आहे. शब्द यायला वेळ लागेल.'

शब्द यायला वेळ! अगं, शब्दच होता तो. आपल्या ग्वारानीतला, घरातला, रोजचा. 'जुकू.' मीठ! तुझी आई मीठ मागत होती. त्या बिचाऱ्या डॉक्टरणीला ग्वारानी कुठून येणार? मी वाडगा तिच्याच हातात दिला आणि ओरडलो, 'आवाज नाही बाई, ती मला नावं ठेवतेय! अळणी म्हणतेय!' शेजारच्या खाटेवरची म्हातारी टाळ्या पिटायला लागली. डॉक्टरणीने डोळे पुसले आणि म्हणाली, 'घाला मग चिमूटभर.'

त्या दिवशी मी घरापर्यंत तरंगत आल्यासारखा आलो, बस कुठे थांबली, कोण भेटलं, काही आठवत नाही. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस असा हलका होतो हे मला या वयात कळलं.

ती घरी आलीय. काल खुर्चीत बसून, डाव्या हाताने, सगळ्यांबरोबर जेवली. उजवा अजून ऐकत नाही. बोलते थोडं, ग्वारानी आधी, स्पॅनिश मागाहून, आणि बहुतेक सगळं माझ्या स्वयंपाकाबद्दल. कांदा जाड चिरलास. चीज कमी. बासिलिओसमोर सुद्धा बोलते. मी मान खाली घालून ऐकतो. बोल, म्हणावं, हवं तेवढं बोल.

सोपा कर, रोसिओला दे, बाईंना वाडगे परत कपाटात ठेवायला सांग. मात्र मीठ किती, ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही. मला अंदाज आलाय, पण ते सांगायचा मान माझा नाही.

रविवारी फोन कर. वाजू दे बराच वेळ, लगेच ठेवू नकोस, खुर्चीपासून फोनपर्यंत यायला तिला वेळ लागतो. शब्द सापडायलाही लागतो. तू मधेच बोलू नकोस. फक्त विचार, आई, मीठ किती? आणि थांब.

तुझा बाप,
सध्या रोज बोलणी खाऊन तृप्त असलेला,
एलिहिओ