चारूच्या डोक्यावरचा दुपट्टा

देवरी, रविवार संध्याकाळ, ऑगस्ट २०१२

आज भर मैदानात माझ्या खांद्यावरच्या पांढऱ्या दुपट्ट्याचे हरण झाले. सभा भरलेली होती, पण धावून कोणी आले नाही. हरण करणारी माझीच लेक होती, चारू.

रग्बीच्या शिबिराची बातमी घ्यायला गेलो होतो. बाहेरगावचे प्रशिक्षक स्क्रम शिकवत होते. आठ जण इकडे, आठ तिकडे, खांद्याला खांदा भिडवायचा आणि रेटायचे. चारू पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. कान सोलवटतात म्हणून माझा दुपट्टा तिच्या डोक्याला. समोर तालुक्यातले आठ क्रीडाशिक्षक, तेही शिकाऊच. त्यांतले उईके सर म्हणाले, "भेऊ नका पोरींनो, हळूच रेटू."

पोरी धानाच्या रोवणीला वाकतात तशा वाकल्या आणि त्यांनी आठही गुरुजनांना थेट शेजारच्या शेतातल्या बांधीत नेऊन सोडले! चिखलातून सर ओरडले, "हे छापू नका जी, पत्रकार!"

छापणार. मथळाही ठरला आहे.

दुसऱ्या खेपेला मात्र स्क्रम मधोमध कोसळला, सगळा भार पहिल्या रांगेच्या मानांवर. सोळा जणांच्या ढिगाखाली मला फक्त दुपट्ट्याचे टोक दिसत होते. मग चारू हसतच बाहेर आली. "बाबा, काऊन भेऊन राहिले तुमी?"

"भीत नाही. दुपट्टा नवा आहे."

दुपट्टा धुऊन वाळत घातला आहे. उद्या तिला पुन्हा लागेल. मी नको म्हटले तर ती खेळ सोडेल, म्हणून म्हणवत नाही. पण मला तिच्या मानेची फार भीती वाटते.