गिरणीच्या केबलमधला जोड

मी, महांतप्पा शिवलिंगप्पा हत्तुरे, वय एकाहत्तर, धंदा मोटार रिवाइंडिंग व फॉल्ट शोधणे, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःलाच राहवेना म्हणून लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात मात्र थरथरतो. स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसत नाही, आणि आता तो बसवावा असेही वाटत नाही. थकलो आहे.

सन २०१६ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने संपूर्ण रद्द समजावे. त्यातील चौथे कलम, 'माझा धाकटा भाऊ रुद्रेश याने माझ्या मातीला येऊ नये', हे मी लिहिलेच नव्हते असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण लिहिले होते.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील ठेव पत्नी इरम्मा हिची. चव्वेचाळीस वर्षे तिने माझे जेवण दोन-दोनदा गरम केले, कारण जेवणाच्या वेळेलाच कोणाची तरी मोटार बंद पडायची. न्हाणीघरातला दिवा सहा वर्षांपासून लुकलुकतो आहे. गावाचे दिवे लावत फिरलो, तो तेवढा राहिला. त्याबद्दल तिची माफी मागतो. फॉल्ट होल्डरमध्ये आहे.

कलम २. मुलगी महेश्वरी, राहणार सोलापूर, हिला तिच्या आजीच्या पाटल्या आणि माझा जुना रेडिओ द्यावा. रेडिओ चालू स्थितीत आहे. बंद पडला तर जावयांनी तो लगेच उघडू नये, आधी प्लग बघावा.

कलम ३. हायवेवरच्या ढाब्याचे मालक बलभीम यांची बोअरची मोटार मी नऊ वेळा नव्या तारेने भरून दिली. मोटारीवर ताण आला की स्टार्टर आपोआप पडतो, तो मोटार वाचावी म्हणून. बलभीम त्याच्या हिरव्या बटणात आगपेटीची काडी खोचतात, म्हणजे तो पडूच नये. आणि मोटार जळाली की "कालपातूर तर झ्याक चालत हुती" म्हणत माझ्या दारात उभे. त्यांना माझ्यातर्फे एक आगपेटी द्यावी. रिकामी.

कलम ४. माझी विद्या कोणा एकाच्या नावावर करता येत नाही, म्हणून इथे लिहितो. लाइन लांब असेल तर टोकापासून चाचपडत बसू नये, मधोमध तपासावे. चांगला निघालेला अर्धा भाग सोडावा, उरलेल्याचा पुन्हा मध्य काढावा. किलोमीटरभर केबलमधला फॉल्ट सहा-सात खेपांत दहा-वीस पावलांवर येतो. दुसरे म्हणजे गिऱ्हाइकाला विचारावे, शेवटचा हात कोणी लावला? हा प्रश्न मी स्वतः काढला आणि दहापैकी नऊ वेळा तो बरोबर ठरला. दहाव्या वेळेचे पुढे लिहितो.

कलम ५. सन २०११ च्या मार्चमध्ये रुद्रेशची पिठाची गिरणी भर दुपारी जळाली. जीवितहानी झाली नाही. मी मीटरपासून तपासत गेलो आणि केबलमध्ये ढिला पडून तापलेला एक जोड सापडला. शेवटचा हात कोणी लावला, म्हणून विचारले. आदल्या दिवशी रुद्रेशने स्टार्टर उघडला होता. मला तेवढे पुरले. जमलेल्या पंचवीस-तीस लोकांसमोर मी म्हणालो, "ह्यो जोड रुद्रेशनं मारलाय. माझ्या हातचा जोड ढिला पडत न्हाय." तो जोडाकडे बघत राहिला. जोड मी कापून घेतला आणि पुरावा म्हणून बिस्किटाच्या डब्यात ठेवला.

त्यानंतर गावात कोणी रुद्रेशला साधा बल्ब बदलायलाही बोलावले नाही. माझ्या शेजारी बसून हे काम शिकलेला माणूस ढोकीला गेला आणि साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस लोटू लागला. चौदा वर्षे आम्ही बोललो नाही.

मागच्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी दुकानातल्या सामानाची यादी करताना तो डबा उघडला. टेप जळून गेली होती, तांब्याच्या तारांचा पीळ तसाच होता. उजव्या हाताने तारा पिळल्या तर पीळ एका अंगाला पडतो, डाव्याने पिळल्या तर दुसऱ्या. हा पीळ डाव्या हाताचा होता. रुद्रेश उजवा आहे. डावखुरा मी. मग आठवले. आगीच्या दीड वर्ष आधी, दसऱ्याच्या धांदलीत, तो जोड मीच मारला होता. गिऱ्हाईक बाहेर खोळंबले होते, म्हणून नीट आवळला नाही.

सबंध लाइन तपासली, स्वतःचा हात तेवढा तपासला नाही. याची मला फार लाज वाटते. पुढचे दोन दिवस मी जेवलो नाही. इरम्माला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आता कागदाव लिवा. तोंडानं सांगाल तर निम्मं गिळाल."

कलम ६. माझे प्रेत उचलण्याआधी कलम ५ दुकानासमोर मोठ्याने वाचावे. ज्यांनी त्या दिवशी ऐकले होते, त्यांतले जे हयात असतील त्यांना आवर्जून बोलवावे. समाधीत मला बसवल्यावर पहिली मूठ माती रुद्रेशने टाकावी, अर्थात त्याची इच्छा असेल तर.

कलम ७. दुकान, मेगर (इन्सुलेशन मोजायचे यंत्र), टेस्ट लॅम्प आणि सर्व हत्यारे रुद्रेशला द्यावीत. (हे कलम रद्द. कारण कलम ८ मध्ये.)

कलम ८. हे कलम वीरभद्र वकिलांच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. इरम्मा शेजारी आहे. इरम्माने फोन केला म्हणून रुद्रेश आज ढोकीहून आला. वकिलांनी त्याला सगळे वाचून दाखवले. मी डबा पुढे केला. त्याने तो उघडला नाही.

"अण्णा, पीळ म्या त्याच दिवशी बघितला व्हता."

"मग बोलला का न्हाईस?"

"लोकांम्होरं तुमाला खोटं पाडू? तुमच्या हातचा जोड जळाला म्हटल्याव कोण आलं असतं दुकानात? महेश्वरीचं लगीन जुळत व्हतं."

"आन् नंतर? चौदा वर्षं?"

"तुमी समदं तपासता. कवातरी ह्येबी तपासाल म्हणून वाट बघितली."

मी डबा परत पिशवीत ठेवला.

दुसरा साक्षीदार अद्याप ठरला नव्हता. रुद्रेश म्हणाला, मी करतो साक्ष. वकिलांनी समजावले की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये, मिळकत हातची जाईल. "जाऊ द्या," तो म्हणाला. "दुकान वैनीच्या नावानं करा. मला ह्या कागदाव माझी सही पायजे." म्हणून कलम ७ रद्द केले असून दुकान व हत्यारे इरम्माला दिली आहेत. दुकानात कोणी बसायचे ते तिने ठरवावे. तिने ते ठरवले आहे, असे तिच्या तोंडावरून दिसते.

बाकी काही द्यायचे राहिलेले नाही. इथेच थांबतो.

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: महांतप्पा शिवलिंगप्पा हत्तुरे (सही)

साक्षीदार:

१. कल्याणप्पा, दुकानाचे शेजारी, राहणार नळदुर्ग (सही). सही माझ्यासमोर झाली. गिरणी जळाली त्या दिवशी मी तिथे होतो.

२. रुद्रेश शिवलिंगप्पा हत्तुरे, सख्खा भाऊ, राहणार ढोकी (सही). अण्णांचा हात थरथरत होता म्हणून कागद मी धरला. सही त्यांचीच आहे, डाव्या हाताची.