वरच्या खोलीतले रहिवासी शास्त्रज्ञ

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पोचला असं समजावं. आपला गुडघा जिना चढू देतो का, की अजून खालूनच हाका मारता? ताईचं रक्तदाबाचं औषध आणि ताईची जीभ, दोन्ही वेळेवर चालू असतील. (हे वाक्य तिला वाचून दाखवताना गाळावं.) मागे पाठवलेला जवळचा चष्मा लागतो का तेही कळवा. हे पत्र वाचताना अक्षरं पोहायला लागली तर दोष माझ्या अक्षराचा नाही, नंबरचा आहे. आमच्याकडे मी आणि सौ. ठीक. दुकान चालू आहे, म्हणजे उघडं आहे. पत्र लिहायला तसं खास कारण नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला मी नव्हे. काही मागायचं असतं तर पहिल्याच ओळीत मागून मोकळा झालो असतो. आपल्या खात्याच्या धोरणाबद्दल आपलं अभिनंदन करावं, एवढाच हेतू.

ताईच्या ऑपरेशनला मी राजधानीत आलो होतो तेव्हा तुम्ही मला ऑफिसात नेऊन भिंतीवरचा नकाशा दाखवला होता, आठवतं? जिथे संशोधन चालतं तिथे लाल टिकली. राजधानीवर टिकल्यांची अशी दाटी की खालचं शहर दिसेना, आणि आमचा भाग सगळा पांढरा, जणू इकडे माणसं विचारच करत नाहीत. (करतात. पण दुकानात बसून करतात, म्हणून टिकली मिळत नाही.) तुम्ही टेबलावर पट्टी आपटून म्हणालात, विद्या एका जागी साचली की तिला वास येतो, ती पसरली पाहिजे. आता प्रत्येक भागात प्रयोगशाळा निघतील, नवे उद्योग येतील, आणि हुशार मुलांना घर सोडून जावं लागणार नाही. मला ते इतकं पटलं की परतीच्या प्रवासात शेजारच्या माणसालाही मी सगळं समजावून सांगितलं. तो पुढच्याच स्टेशनवर उतरला. घरी येऊन सौ.ला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोडावं लागणार नाही ते झालं. जी सोडून गेली त्यांचं काय?" मी म्हणालो, तेही त्यात आहे. भाऊजी, धोरणात ते नव्हतं, मी माझ्या पदरचं घातलं. तेव्हापासून ती तुमच्या धोरणाची वाट बघत होती.

आता प्रयोगशाळा म्हटली की जागा आली, जागेला मंजुरी आली, मंजुरीला बैठक आली आणि बैठकीला कोणी आलं नाही. तेव्हा खात्याने शहाणपणाची वाट काढली. इमारत येईल तेव्हा येईल, आधी माणसं येऊ द्या. जो संशोधक पांढऱ्या भागात राहतो त्याला अनुदान पहिल्यांदा. नियम लाखात एक. फक्त राहण्याचा पुरावा म्हणून पत्ता पुरे, असंही त्यात होतं, आणि राजधानीतली माणसं हुशार असतात हे तुम्हीच मला नकाशावर दाखवलं होतं. सगळ्यांना एकदम आपापली मावशी आठवली. ज्यांना मावशी नव्हती त्यांनी खोल्या घेतल्या. आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या माळ्यावर दोन शास्त्रज्ञ राहतात, एकानेही अजून त्याच्याकडून साधं बटण लावून घेतलेलं नाही. लाँड्रीवाल्याकडे वनस्पतींवर काम करणाऱ्या एक बाई आहेत. त्याने त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांच्याविषयी फार आदराने बोलतो. समोरच्या बेकरीच्या कोठीत, मैद्याच्या पोत्यांमागे, एक अख्खा संशोधन गट आहे. दारोदार पाट्या लागल्या. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला जेवायला फुरसत नाही, आणि धोरणामुळे वाढलेला आमच्या भागातला उद्योग म्हणाल तर तेवढा एकच.

अशात एका रविवारी राजधानीतून चिरंजीवांचा फोन आला. (एरवी फोन आम्ही करतो आणि तो मीटिंगमध्ये असतो.) म्हणाला, "बाबा, मी तिथेच राहतो असं दाखवलंय. कुणी विचारायला आलं तर हो म्हणा." एवढं बोलेपर्यंत त्याला दुसरा फोन आला. त्याचा विषय तुम्हाला ठाऊकच आहे, सिमेंटला भेगा का पडतात तो. वरच्या त्याच्या खोलीच्या भिंतीलाही एक भेग आहे, खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे निघालेली. फार मागे तो म्हणाला होता, "बुजवू नका, मी आलो की बघतो." गवंडी दारातून परत गेला. भेग तेव्हा केसाएवढी होती, आता तिच्यात पोस्टकार्ड जातं. तर, सरकारी माणसासमोर खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. सौ. म्हणाली, "खोटं कसलं? खोली त्याचीच आहे. फक्त तो नाही." आणि तिने झाडू हातात घेतला.

तपासणी येणार असं कळलं तेव्हा आम्ही दोघं वरच्या खोलीत जाऊन उभे राहिलो. एखादा माणूस इथे राहतो हे दाखवायला नेमकं काय लागतं? पलंगावर चादर, तीही जरा चुरगळलेली. दोरीवर ओला टॉवेल. टेबलावर उघडं पुस्तक. इथवर जमलं. मग सौ. म्हणाली, "तो हल्ली साबण कोणता वापरतो?" मला माहीत नव्हतं. दाढी ब्रशने करतो की मशीनने, माहीत नव्हतं. चहात साखर किती? ती म्हणाली, तीन चमचे. मी म्हणालो, ते परीक्षेच्या दिवसांत. यावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि खरं म्हणजे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी तिला जे माहीत होतं ते सगळं तिने पेटीतून बाहेर काढलं. तिने विणलेला निळा स्वेटर खुंटीवर. बुटांचा जोड पलंगाखाली. अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवर (त्यातला पहाटेचा रकाना तेव्हाही कागदोपत्रीच होता). उशाशी गरम पाण्याची पिशवी, कारण त्याला लगेच सर्दी होते. दारातून बघितलं तर खोली अगदी खरी वाटत होती. आम्ही सतरा वर्षांच्या मुलाची खोली लावून बसलो आहोत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तपासनीस आला तो चिरंजीवांच्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, जिन्यात दम लागलेला. संशोधन कुठे चालतं ते त्याला बघायचं होतं. मी भेग दाखवली. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही प्रयोगशाळा?" मी म्हणालो, हा प्रयोग, शाळा अजून मंजूर व्हायची आहे. सौ.ने मध्येच सांगितलं की तो रोज इथे बसून हिच्याकडे बघत असतो. (ती बसते. असो.) मग त्याने खुंटीवरचा स्वेटर उतरवला, स्वतःच्या छातीला लावून बघितला आणि म्हणाला, "साहेबांचं वय चौतीस ना?" सौ. म्हणाली, "धुतल्यावर आटला." त्याची नजर पलंगाखाली गेली. "आणि बूट?" ती म्हणाली, "आमच्याकडचं पाणीच तसं आहे."

बिचारा हसला नाही. स्वेटरची नीट घडी घालून त्याने तो उशीवर ठेवला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "अनुदानाच्या मुलाखतीला मी होतो, तेव्हा पाहिलंय त्यांना. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. तो तुमच्याच दुकानातला असणार." भाऊजी, मी हयातभर लोकांचे डोळे तपासले. गल्लीत कोण कोणाला ओळख न देता पुढे जातो तो माजाने की नंबर वाढल्याने, हे मी गादीवर बसून सांगतो. माझ्या मुलाला चष्मा लागला आणि ते मला सरकारकडून कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण त्यालाही काही मर्यादा असेल. मी म्हणालो, "हो तर, माझ्याच दुकानातला." नंबर त्याने विचारला नव्हता, तरी मीच सांगून टाकला, मायनस दोन, दोन्ही डोळ्यांना. न तपासता नंबर सांगायचं पाप मी धंद्यात आजवर केलं नव्हतं. सौ. माझ्याकडे बघत राहिली. तिने ते खरं धरलं असावं, आणि मला माहीत असून तिला सांगितलं नाही असं तिला वाटलं असावं.

तिने त्याला चिरंजीवांच्या कपातून चहा दिला, तीन चमचे साखर घालून. त्याने तो सगळा प्यायला. रहिवास आढळला असं लिहितो म्हणाला. जिना उतरताना मात्र थांबला आणि मला हळूच म्हणाला, "काका, आमच्या घरीही माझी खोली अशीच आहे. तिथे तपासणीला कोणी जात नाही, एवढंच." मग पुढे शिंप्याकडे गेला. त्याला अजून बेकरीही करायची होती.

तेव्हा नकाशावर आता आमच्या घरावरही लाल टिकली लागली असेल. अभिनंदन. तिच्याखाली आम्ही दोघंच राहतो. सौ.ने खोली अजून आवरलेली नाही. टॉवेल रोज सकाळी ओला करून दोरीवर टाकते. मी म्हणालो, तपासणी तर झाली. ती म्हणाली, "पुन्हा अचानक आले म्हणजे?" मुलगा मोठ्या कामाला लागला याचा मला अभिमान आहे, गिऱ्हाइकांना मी तसं काचा पुसता पुसता सांगतोही. पण घरी जिना चढून वर गेलं, तो टॉवेल बघितला, की फार वाईट वाटतं. आधी तो नुसता गेलेला होता, त्याची आम्हाला सवय झाली होती. आता तो सरकारच्या मते घरी आहे, आणि सौ. दिवसातून एकदा तरी वर जाऊन बघून येते.

असो. धोरण उत्तम आहे, आमच्याकडून वरिष्ठांना तसं कळवावं. ताईला नमस्कार. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं. चुकून खात्याच्या आवक-जावकीत गेलं तर चिरंजीवांचं अनुदान जाईल आणि शिंप्याचे दोघे बेघर होतील.

आपला मेहुणा,
चष्मेवाला

ता. क. नियम जरा कडक करता आला तर बघावं. नुसता पत्ता पुरे नाही, तपासणीला माणूस स्वतः हजर पाहिजे, असं काहीतरी. माझं नाव मध्ये आणू नये.

आणखी एक. दर रविवारी तो तुमच्याकडे जेवायला असतो, असं ताई परवा फोनवर बोलता बोलता सांगून गेली आणि मग हवापाण्याकडे वळली. आमचं काही म्हणणं नाही, तिच्या हाताला चवच तशी आहे. फक्त तो चहात साखर किती घेतो ते बघून कळवा. सौ.ला हवं आहे.

आणि आता शेवटचं. जेवायच्या आधी तोंड धुवायला तो चष्मा काढून ठेवत असेल. तेवढ्यात तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नेला तर ते काचांवरून नंबर काढून देतील, तो मला कळवावा. पुढच्या तपासणीला टेबलावर एक चष्मा असलेला बरा, म्हणून म्हणतो. खरं म्हणजे तपासणीसाठी नकोच आहे. मी एक हलकी फ्रेम बाजूला काढून ठेवली आहे. जाड काळी त्याला जड होत असणार, त्याचं नाक पहिल्यापासून अरुंद आहे. काचा मी इथेच घासून बसवतो. पण फ्रेम नाकावर आणि कानामागे नीट बसवायची तर माणूस समोर बसवावा लागतो, ते पोस्टाने होत नाही. तेवढ्यासाठी त्याला एक दिवस पाठवून द्या. टॉवेल दोरीवर आहेच.