कारकून जेवायला गेलाय

प्रिय ठोंब्या,

हे पत्र बसून वाच. दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याचा अर्ज भरून दे, त्याला वाटेला लाव आणि मग उघड. फोन केला असता, पण फोनवर तू दर वाक्याला ‘हो ताई’ म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस. कागदावर तसं चालत नाही.

बातमी अशी की, यंदा कर कार्यालयात माझ्याआधी मीच जाऊन आले. विवरणपत्र घेऊन गेले, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तुमचं दोन महिन्यांपूर्वीच आलंय, परतावाही गेलाय. मी म्हटलं, मग मी इथे उभी आहे ती कोण? त्यांनी मला आत चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवलं. तिशीचा असेल, पण टेबलावर एक कागद वाकडा नाही; मला आवडला. कुणीतरी माझं नाव, करक्रमांक आणि जन्मतारीख वापरून माझ्याच नावाने नवं बँक खातं उघडलं आणि पेन्शनमधून कापलेला कर त्यात परत मागवून घेतला, असं त्याने समजावलं. आजी, हल्ली असं फार होतं, म्हणाला. मी म्हटलं, आजी कुणाची ते आधी सांगा, मी लग्नसुद्धा केलेलं नाही. बिचारा लाल झाला आणि त्याने ते विवरणपत्र छापून माझ्यापुढे ठेवलं.

एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. तीन पानं वाचली. एक वेलांटी चुकलेली नव्हती, एक आकडा रकान्याबाहेर गेलेला नव्हता. माझं विवरणपत्र मी स्वतःसुद्धा इतकं नेटकं भरत नाही. राग यायला हवा होता, आणि मी मनात शाबासकी देत बसले होते. तिसऱ्या पानावर मात्र पेन्सिल थांबली. ‘अवलंबून असलेल्या व्यक्ती’ या मथळ्याखाली आपली चिमी होती. तिचं जन्मनोंदीतलं नाव, ज्याने आपण तिला कधी हाक मारली नाही. वय एकसष्ट. दृष्टी अधू. नातं, धाकटी बहीण. सांभाळ करणारी, मी.

चार वर्षांची गेली ती, तापात. तू सात वर्षांचा होतास, मी अकरा. आणि इथे ती एकसष्ट वर्षांची होऊन बसली होती. अधिकारी काहीतरी बोलत होता, मला ऐकू येईना. मी तिचे केस पिकवले. तिला माझे दुखरे गुडघे दिले. तिला मोतीबिंदू असणार असं ठरवलं, कारण आईला होता. खिडकीजवळच्या बिछान्यावर कोण झोपणार यावरून आमचं अजून भांडण चालू होतं. पाच मिनिटं मला घरी वाट पाहणारी म्हातारी बहीण होती, ठोंब्या, आणि मी मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नाही. मग आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशा आवाजात मी अधिकाऱ्याला विचारलं, ही जिवंत आहे? त्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, हो, मृत्यूची नोंद नाही.

नोंद कुठून असणार? बाबा चार वेळा नोंदणी कार्यालयात गेले आणि चारही वेळा येऊन आईला म्हणाले, कारकून जेवायला गेलाय. चौथ्या वेळी मी सोबत होते. कारकून खिडकीतच होता, कानावर पेन अडकवून. बाबा समोरच्या बाकावर कोरा अर्ज मांडीवर घेऊन तासभर बसले, मग त्याची घडी घालून खिशात ठेवली आणि आम्ही घरी आलो. हे मी आईलाही सांगितलं नाही. सांगितलं फक्त तुला, तू कॉलेजात गेल्यावर. तेव्हापासून आपल्या दोघांत ती म्हणच होऊन बसली. नोकरी गेल्याचं तू बायकोला महिनाभर सांगेनास, तेव्हा मी म्हटलं, कारकून जेवायला गेलाय वाटतं. मला मागणी घातलेल्या छापखान्यातल्या त्या गृहस्थांना नकार कळवायला मी चालढकल करत होते, तेव्हा तू मला तेच ऐकवलंस.

अधिकाऱ्याने मला जबाबाचा कागद दिलाय. शेवटचा प्रश्न आहे, आपला संशय कोणावर आहे का? चिमी कागदावर जिवंत आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. शिवाय विवरणपत्रात एक शब्द जास्त होता. नात्याच्या रकान्यात ‘बहीण’ पुरतं. ‘धाकटी’ लिहायची चोराला काय पडली होती? आणि माझ्या ओळखपत्राची प्रत गेल्या वर्षी तूच नेलीस, विजेचा मीटर माझ्या नावावर करून देतो म्हणून. मीटर अजून बाबांच्याच नावावर आहे.

पैसे कशाला लागले ते पत्रात विचारत नाही. समोर विचारीन, आणि उत्तर उभं राहून द्यायचं. रकाना मी कोरा ठेवलाय. अधिकारी म्हणाला, असाच राहिला तर संशय तुमच्यावर येईल, सोमवारी पुरा करून आणा. सोमवारी मी तो पुरा करणार आहे. मला खोटं मुद्रितातसुद्धा सोसत नाही. पण तू स्वतः येऊन सांगितलंस तर मला तुझं नाव लिहावं लागणार नाही. तोवर कारकून जेवायला गेलाय असं समज. सोमवारी दहाला तो जागेवर असेल आणि मी बाहेरच्या पायरीवर. काय शिक्षा व्हायची ती होईल, मी शेजारी बसेन. तिथून सुटलास की आपण नोंदणी कार्यालयात जाऊ आणि बाबांचा राहिलेला अर्ज भरू. तो तू भर, तुझं काम स्वच्छ असतं. नातं विचारतील तिथे ‘धाकटी’ लिही. मी खोडणार नाही.

तुझीच, अजूनही,
ताई